मामांचा पास

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मी लग्न होऊन चंदगडहून कोल्हापुरात आले तेव्हा मामा साखर कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. तिथं ते केमिस्ट होते, आणि कॉलनीच्या क्लबात जन्मभर ब्रिज खेळलेले. रिटायर झाले तरी खेळ सुटला नव्हता. राजारामपुरीतल्या घराच्या वरच्या गॅलरीत दर शनिवारी दुपारी चौघांचा डाव बसायचा. मी चहा नेऊन द्यायची आणि कठड्याला टेकून जरा वेळ बघत राहायची. एकदा मामांच्या पार्टनरनं हातात राजा असताना गुलाम टाकला आणि माझ्या तोंडून "अगं आई!" निघून गेलं. चौघंही वळून बघायला लागले. मी जीभ चावली आणि जिना उतरले.

महिन्याभरानं तोच पार्टनर लेकाकडं पुण्याला कायमचा राहायला गेला. मामा सैंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "चहा ठेव आन वर ये. तू बस चौथी."

नवरा उद्यमनगरातनं लेथवरचं काम संपवून घरी आला आणि ऐकून आ वासून बघतच राहिला. "सुनेनं सासऱ्याबरोबर पत्ते कुटायचे?"

"कुटायचे न्हाईत, खेळायचे," मामा म्हणाले. विषय संपला.

ब्रिज ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच सांगते. समोरासमोर बसतात ते दोघं पार्टनर. एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत आणि खेळ सुरू होण्याआधी बोली लावायची असते, किती हात करणार आणि कुठला हुकूम, त्याची. तीही तोंडानं नाही. प्रत्येकाच्या बाजूला एक छोटा डबा असतो, त्यात बोलीची पानं: एक किलवर, दोन बदाम, तीन नो ट्रंप म्हणजे बिनहुकमी, असं सातपर्यंत. शिवाय लाल पानं डबलची, म्हणजे समोरच्यांची बोली फसली तर दंड दुप्पट, आणि हिरवी पानं पासची. डब्यातलं पान काढून टेबलावर ठेवायचं, बस्स. भुवई उडवायची नाही, खाकरायचं नाही. त्या मोजक्या पानांवरून आपल्या हातात काय आहे ते पार्टनरला कळलं पाहिजे.

मी शाळामास्तरीण. दिवसभर पोरांवर ओरडून आवाज कमावलेला. गप्प बसून बोलायचं म्हणजे मला शिक्षाच होती. पण मामा चिवट. रोज जेवण झाल्यावर तेरा पानं माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय लावशील?" मुद्दाम अवघड हात काढायचे. काही हात असे असतात की त्यांना बोलीच नसते. काहीही लावा, पार्टनरला चुकीचंच कळणार. मी वैतागून पानं आपटायची.

"ह्याला काय बोलूच शकत न्हाय, मामा!"

"मग कमीत कमी खोटं बोल," मामा म्हणायचे. "खरं बोलता येत न्हाय तितं माणसानं एवढंच बघायचं."

एक डाव मात्र मी जन्मात विसरणार नाही. आम्ही चार इस्पिक लावलं होतं. ताकद आमची, सगळ्यांना ठाऊक. समोरच्यांनी निव्वळ खोडी म्हणून पाच बदाम लावले. आता आमच्यापुढं दोनच रस्ते: डबल लावून त्यांना झोडायचं, नाहीतर आपण पाच इस्पिकवर चढायचं. बोलायची पाळी आधी मामांची होती. मामांनी पास ठेवला. फिरून माझ्याकडं आलं. मी म्हटलं, मामांकडं काही नसेल, आणि मीही पास ठेवला. समोरचे स्वस्तात सुटले. मामांचा चेहरा बदामासारखा लाल झाला.

"मी काय झोपलो हुतो व्हय गं?" पाहुण्यांसमोर ओरडले. "माझं मला ठरंना, म्हणून तुझ्यावर टाकलं. तितं तू गप बसायचं न्हाय! मार न्हायतर चढ!"

मला रडूच आलं. संध्याकाळी त्यांनीच समजावलं. बाकी वेळी पास म्हणजे साधा पास, माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. पण ताकद आपली असेल आणि डाव अडला असेल, तर तेच हिरवं पान म्हणतं की तू ठरव, पण सोडून देऊ नको. दोन्ही पास दिसायला सारखेच. कुठला कुठं, ते पार्टनरनं ओळखायचं. त्यानंतर अठरा वर्षं आम्ही खेळलो आणि तो पास मी परत कधी चुकवला नाही.

गेल्या वर्षी मामांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा म्हणजे, एक शब्द उरला: "बरं." जेवलात का? बरं. भात नको का? बरं. मान हलवतील तीही भलतीच. मान हलवली म्हणून पुढं केलेलं दूध हातानं ढकलतील आणि मग स्वतःच डोळे पुसतील. नवरा सुरुवातीला रोज शेजारी बसून विचारायचा, "आबा, काय पायजे?" आणि मामा "बरं, बरं" म्हणत जीव तोडून काहीतरी सांगायला बघायचे. आम्हाला काडीचं कळायचं नाही. नवरा उठून बाहेर जायचा. मी पोरांना दिवसाला शंभर शब्द शिकवते आणि घरात एका माणसाला एक शब्द देता येत नव्हता.

तीन-चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी मला राहवलं नाही. दोघांपुरतीच पानं वाटली. त्यांची तेरा उशीला टेकवून लावून दिली, बोलीचा डबा डाव्या हाताशी ठेवला. मामांनी पानांकडं बघितलं. किती तरी वेळ बघितलं. मग डावा हात डब्यात घातला, चाचपला, आणि एक पान काढून चादरीवर ठेवलं. एक नो ट्रंप. मी त्यांची पानं उलटी करून मोजली. एक्का-राजा-राणी-गुलामांचे मिळून सोळा पॉइंट, चारी रंग समान. अगदी पुस्तकी बोली! मी त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवून रडले. "बरं, बरं," ते म्हणत होते.

तेव्हापासून रोज आमची बोली व्हायची. खेळ नाही, नुसती बोली. घरात सगळे म्हणायला लागले की मामांची भाषा फक्त सुनेला येते. मला त्याचा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग पाय बिघडला. साखरेचा आजार जुनाच होता. लुळ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती कुणाच्या लवकर ध्यानात आली नाही आणि बघता बघता काळी पडली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. गुडघ्याच्या वरनं पाय काढावा लागेल. नाही काढला तर विष अंगात चढणार. काढला तर या वयात, या प्रकृतीत, टेबलावर काहीही होऊ शकतं.

"पेशंटला समजतंय सगळं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना विचारा. पण दुपारपर्यंत सांगा."

गडहिंग्लजहून नणंद आली होती. वन्सं ऐकूनच रडायला लागल्या. "आबांचा पाय तोडू नका. जायचंच असंल तर अख्खं जाऊ दे त्यास्नी." नवरा भिंतीला टेकून उभा होता. लेथवर लोखंड कापणारा माणूस, पण पायाचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तू ईचार. तुमची ती पत्त्यांची भाषा हाय न्हवं?"

मी रिक्षा करून घरी गेले, डबा घेऊन परत आले. वॉर्डात मामांच्या कॉटवर डबा ठेवला. आवाज वर्गातल्यासारखा लावला. "मामा, नीट ऐका. पाय काढायचा म्हणतात. काढू दे म्हणत असाल तर कुठलीही एक बोली लावा. एक किलवर लावा, काहीही लावा. नको असेल तर लाल डबल ठेवा. तुम्ही म्हणाल तसं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग पायाकडं. डावा हात डब्यावर गेला, लाल पानाशी थांबला, मागं आला. बोलीच्या पानांवरून बोट फिरलं.  आणि त्यांनी हिरवं पान काढलं.

पास.

पास मी सांगितलाच नव्हता! हो किंवा नाही एवढंच विचारलं होतं. पण डब्यातनं ती हिरवी पानं काढून ठेवायचं या मास्तरणीला सुचलं नव्हतं. मी पान परत डब्यात घातलं. "मामा, असं नाही. बोली की डबल?" त्यांनी पुन्हा पास काढला आणि या वेळी बोटानं त्यावर दोनदा ठोकलं. "बरं," म्हणाले. डोळे मिटून घेतले.

मी तिथं स्टुलावर बसून राहिले. साधा पास असेल तर मामा म्हणत होते, माझ्याकडं आता काही नाही, संपलं, सोडा. दुसरा पास असेल तर म्हणत होते, माझं मला ठरेना, तू ठरव, पण सोडून देऊ नको. डाव अडला होता हे खरं. पण ताकद आपली होती का? काय होतं त्यांच्या हातात? अठरा वर्षं मी ते ओळखत आले होते आणि ज्या दिवशी ओळखायला पाहिजे होतं त्या दिवशी मला काहीच कळत नव्हतं. एवढी हतबल मी कधी झाले नव्हते. डब्याला लाथ मारावीशी वाटली.

बाहेर दोघंही वाट बघत होती. "काय म्हणाले?"

"पास."

"कसला पास? एस्टीचा?" वन्सं चिडून म्हणाल्या. मग त्यांना वाटलं की त्यांना समजलं. "म्हणजे नको म्हणाले. बघा, मी म्हणत हुतेच."

नवरा नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला वडील पाहिजे होते, एका पायाचे, अर्ध्या पायाचे, कसेही. मी मनात मोजत होते, यातलं कमीत कमी खोटं कुठलं? 'नको म्हणाले' हे खोटं. 'हो म्हणाले' हेही खोटं. 'तू ठरव म्हणाले' हे कदाचित खरं, पण ते सांगितलं असतं तर ती दोघं तिथंच भांडत बसली असती आणि दुपार टळली असती.

"आमच्या भाषेत त्याचा अर्थ निराळा असतो," मी म्हटलं. "करा म्हणाले."

नवऱ्यानं सही केली.

मामा वाचले. पंधरा दिवसांनी घरी आले. वन्सं येतात, वडिलांच्या चादरीखालच्या सपाट जागेकडं बघतात आणि माझ्याशी धड बोलत नाहीत. नवरा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो, "आबा लई धीराचे. स्वतः म्हणाले, करा म्हणून." ते ऐकलं की मी उठून सैंपाकघरात जाते.

महिन्याभरानं आम्ही परत बोली सुरू केली. पहिल्याच दिवशी मामांना रद्दी हात आला. दोन पॉइंट. शेंबडं पोरसुद्धा पास म्हणेल. मामांनी एक इस्पिक लावला. मला वाटलं, विसरले. दुसऱ्या दिवशी हातात एक पॉइंट आणि बोली दोन चौकट. तिसऱ्या दिवशी माझं डोकं तडकलं. "मामा, काय हे? हातात काय नाही, पास करा की!" त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं आणि तीच बोली पुन्हा ठेवली. तेव्हा मी त्यांचा डबा ओढून बघितला. आत एकही हिरवं पान नव्हतं. मला वाटलं, दवाखान्यात कुठंतरी पडली असतील.

गेल्या सोमवारी गादीवरची चादर बदलताना ती सापडली. गादीखाली, कडेला, डावा हात पोचेल तिथं. आठ-नऊ पानं, एकावर एक नीट रचलेली. खुर्चीत बसलेले मामा माझ्याकडं बघत होते. मला विचारायचं होतं, मामा, मी चुकले का? पण विचारून काय मिळणार होतं? मी ती पानं होती तिथंच राहू दिली आणि वरनं धुतलेली चादर घातली.

संध्याकाळी पानं वाटली. मामांनी एक नो ट्रंप लावला. हातात तीन पॉइंट असतील नाहीतर तेरा, आता मला त्यांचं काही ओळखता येत नाही. माझ्याकडं बारा होते, काहीतरी बोली लावायलाच पाहिजे होती. मी माझ्या डब्यातलं हिरवं पान काढून त्यांच्या हाताशी ठेवलं आणि दोनदा बोटानं ठोकलं.

मामांनी ते उचललं, जवळ धरून बघितलं आणि गादीखाली सरकवलं.

"बरं," म्हणाले.