उशिरा पडणारा ठोका

आमच्या स्टुडिओत तयार होणारं संगीत कुणी मागवलेलं नसायचं. आधी बनवून ठेवायचं, मग ज्याला लागेल तो उचलेल, असा तो व्यवहार. मुंबईची एक कंपनी अशा तुकड्यांच्या सीडी काढायची आणि जाहिरातवाले, टीव्हीवाले त्यातून हवं ते घ्यायचे. या सगळ्याला लायब्ररी म्हणायचे. तुकड्यांची नावं 'प्रगती', 'आनंदी कुटुंब' अशी. बनवणाऱ्याचं नाव कुठेच छापलेलं नसे. बंगळुरातल्या इंदिरानगरात, भिंतींना फोम चिकटवलेल्या दोन खोल्यांत मी चार वर्षं हेच करत होतो. नाव नसल्याचं मला काही वाटत नसे, कारण तिथे कीबोर्डला हात लावणारा मी एकटाच होतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मुंबईहून निराळीच मागणी आली. हिप हॉपचे दहा तुकडे हवेत. गाणं नको, बोल नकोत, नुसती बीट. खाली जड ड्रम, त्याला धरून बेस, आणि वर फिरून फिरून येणारा एखादा सूर. बुटांच्या, मोटरसायकलींच्या जाहिरातींसाठी. स्टुडिओचे मालक कन्नड गृहस्थ होते, आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी काम माझ्याकडे दिलं. ब्रिगेड रोडवरून कॅसेट आणून मी पंधरा दिवस ऐकल्या आणि चार तुकडे केले. सर म्हणाले, "चांगलं आहे. स्वच्छ आहे." तेव्हा मला ते कौतुकच वाटलं.

मग ती आली. पुण्याची, लग्न होऊन आठ महिन्यांपूर्वी बंगळुरात आलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. आमचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. सरांच्या ओळखीतून ती शनिवारी तो बघायला यायला लागली. पहिल्याच दिवशी मी तिला म्हणालो, "स्वल्प थांबा, एवढं सेव्ह करतो." थोड्याला आमच्या घरी कानडीतलं 'स्वल्प'च म्हणतात. ती हसली. "तुमचं मराठी किती गोड आहे हो, दादा!" आमच्या घराची बंगळुरातली तिसरी पिढी. तो 'गोड' शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

तिसऱ्या शनिवारी कॉम्प्युटर दुरुस्त करून झाल्यावर ती म्हणाली, "मी एक बीट करून बघू? हसू नका हं."

तिने पिशवीतून एक कॅसेट काढली. पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात ती मशीनचा प्रोग्राम बसवायला गेली होती. तिथल्या पॉवर प्रेसचा, म्हणजे पत्रा ठोकून भाग काढणाऱ्या यंत्राचा आवाज तिने वॉकमनवर रेकॉर्ड करून आणला होता. तो तिने सॅम्पलरमध्ये भरला. सॅम्पलर म्हणजे कुठलाही आवाज पट्ट्यांवर वाजवू देणारी पेटी. ती मी रोज वापरायचो, पण तिच्यात कधी बासरी आणि तबल्यापलीकडे काही भरलं नव्हतं. तिने दोन बोटांनी वाजवायला सुरुवात केली. ढक्क, मग हवेचा फुत्कार, मग पुन्हा ढक्क. कॅसेटमधल्यासारखाच दुसरा ठोका दर वेळी केसभर उशिरा पडत होता. खाली तिने तीन सुरांचा बेस टाकला. बाहेरच्या खोलीतून सर आले आणि दारात उभं राहून मान हलवायला लागले. माझ्या चार तुकड्यांपैकी एकालाही त्यांची मान हललेली मला आठवत नव्हती.

"हे दहात घालायचं," सर म्हणाले. "फायनल तू करून टाक." हे मला.

मी तिच्या बीटची कॅसेट ऐकायला म्हणून घरी नेली. आमचं घर यशवंतपूरला. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तीस वर्षं पीण्यात प्रेस चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. रविवारी जेवणं झाल्यावर मी कॅसेट लावली. मी आजवर ज्या संगीतावर पोट भरलं, त्यातलं काहीच अण्णांनी धड ऐकलं नव्हतं. ते सुपारी कातरता कातरता थांबले.

"ही आपली प्रेसची गाडी की रे!"

"हो."

"आणि चालवणारा जुना माणूस आहे. बघ, ठोका उशिरा पडतो ना? पत्रा ठेवला की हात बाहेर काढायचा, बघायचं, मगच पायाने पेडल दाबायचं. तेवढ्या थांबण्यात बोटं वाचतात. नवी पोरं थांबत नाहीत." त्यांनी मांडीवर ताल धरला होता. "तू केलंस हे?"

"हो," मी म्हणालो.

ते इतके खूश झाले की त्यांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि कॅसेट पहिल्यापासून लावायला सांगितली. मी ती लावली. त्या दुपारी मला त्या पुण्याच्या बाईचा जेवढा राग आला, तेवढा तिने माझं काही चोरलं असतं तरी आला नसता. लहानपणी अण्णांचा डबा द्यायला मी किती वेळा त्या शेडमध्ये गेलो होतो. हा आवाज माझा होता, आणि मला तो ऐकूच आला नव्हता.

सोमवारी मी स्टुडिओत गेलो, तिची बीट कॉम्प्युटरवर उघडली आणि सगळे ठोके निवडून क्वांटाइजचं बटण दाबलं. ते दाबलं की प्रत्येक ठोका घड्याळाच्या काट्यासारखा जागच्या जागी बसतो. काय जाईल ते मला पक्कं ठाऊक होतं. अण्णांनीच तर समजावून सांगितलं होतं. मग त्याच फाइलवर मी सेव्ह केलं, उरलेले पाच तुकडे पुढच्या पंधरवड्यात केले आणि दहाही मुंबईला रवाना केले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नऊ पसंत, प्रेसचा तुकडा परत. निर्जीव वाटतो, असं लिहिलं होतं. सरांनी ते शनिवारी तिला वाचून दाखवलं. मी वायरी गुंडाळत होतो. तिने हेडफोन लावले, अर्धं मिनिट ऐकलं आणि काढून ठेवले.

"दादा, हे सरळ कुणी केलं?"

"चुकून झालं असेल."

"चुकून एक ठोका सरळ होतो. सगळे नाही होत." तिचा आवाज चढला नव्हता. "का केलंत?"

सर माझ्याकडे बघत होते. दुसरं काही सुचेना म्हणून खरं तेच बोललो. "तुमचं माझ्यापेक्षा चांगलं होतं."

तिने पिशवीतून एक फ्लॉपी काढली. कॉम्प्युटरवाली माणसं प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो तुकडा तिने स्वतः टेपवर उतरवला, पाकिटावर पत्ताही स्वतःच लिहिला. मुंबईने तो आठवड्यात घेतला आणि तसलेच आणखी मागितले. सरांनी मला कामावरून काढलं नाही. त्यांनी फक्त तिच्या फाइलींना पासवर्ड लावून घेतला.

अण्णांना सांगायला मला महिना लागला. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. "ते प्रेसचं मी केलं नव्हतं," मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "मग ज्याने केलं त्याला घरी का आणलं नाहीस?"

मी तिला बोलावलं. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण नवऱ्याला घेऊन आली. जेवताना अण्णा तिच्याशी तासभर प्रेसबद्दल बोलले, क्लच, डाय, आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा ते सगळं. ती त्यांना 'काका' म्हणत होती आणि मध्येच विचारत होती, "थांबा, तो आवाज कसा येतो? तोंडाने काढून दाखवा ना." आणि अण्णा काढून दाखवत होते. आई तोंडाला पदर लावून हसत होती. पुढच्या आठवड्यात ते तिला घेऊन त्यांच्या जुन्या शेडमध्येही गेले. मलाही चल म्हणाले. मला काम होतं, असं मी सांगितलं.

अण्णांनी मला असं समजावलं नव्हतं असं नाही. मी दहावीत असताना ते मला शेडमध्ये नेऊन यंत्र दाखवायला बघायचे आणि मी कान झाकून बाहेर पळायचो. हे आठवूनही जळणं कमी झालं नाही, उलट वाढलं.

वर्षभराने तिच्या नवऱ्याला अमेरिकेत काम मिळालं आणि ती गेली. जाताना सगळ्या फ्लॉपी सरांना देऊन गेली. मला खरंच हायसं वाटलं. दोनच महिन्यांत मुंबईहून पत्र आलं. आणखी दहा तुकडे हवेत, मात्र प्रेसचा तुकडा करणाऱ्या त्याच माणसाकडून. पत्र स्टुडिओच्या नावाने होतं. सर गावाला गेले होते. आमची नावं मुंबईत कुणालाच माहीत नव्हती.

ते पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. उशिरा ठोका टाकून एक बीटही करून पाहिली. प्रत्येक ठोका मोजून उशिरा टाकलेला, आणि ऐकताना ते मोजमापच ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं की तो तुकडा करणाऱ्या बाई आता इथे नाहीत, पाहिजे असल्यास दुसरा माणूस करून देईल.

त्यांनी दहाऐवजी चार मागवले. मी केले.