शालूची कापलेली किनार

लग्नातला शालू काढला की डांबरगोळ्यांच्या वासाआडून मला आजही आखातातल्या अल वक्राचा खारा वारा लागतो. ऐंशीच्या दशकात तिथे नवऱ्याचा इंग्रज साहेब दर शुक्रवारी गळाची काठी घेऊन किनाऱ्यावर उभा असे. मायदेशी तो गळाला पिसं बांधून, खोटी माशी करून पाइक मासा पकडायचा. अल वक्राला तसाच दातेरी मासा म्हणजे बाराकुडा. मी म्हटलं, "मलाही शिकवा." तो हसला, "साडी नेसून, मॅडम?"

पुढच्या शुक्रवारी मी साडीच नेसून गेले. पिसांऐवजी शालूची बोटभर जरीची किनार कापून गळाला बांधली होती. साहेबाची काठी मागून घेतली. ती किनार पाण्यात मासोळीसारखी लखलखली, जोरात हिसका बसला आणि दोरी सैल पडली. बाराकुडाने ती दातांनी तोडून जरीसकट नेली होती.

"खलास! चल आता घरी," नवरा चिडून म्हणाला.

मी पिशवीतून शालू आणि कात्री काढली. सगळ्यांसमोर दुसरा तुकडा कापला. साहेबाने दातांना न तुटणारी तार पुढे केली.

काल सून म्हणाली, "आई, ही किनार दुरुस्त करून घेऊ या."

"हात लावू नकोस. फाटलेली नाही ती, मी कापलीय."