चांदमारीवरचे उस्ताद

हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं आणि हैदराबादेतल्या गौलीगुडा मोहल्ल्यातल्या वकिलाचा मुलगा असलेला मी पोलिसात भरती झालो. चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, आम्हाला बंदूक शिकवायला निजामाच्या फौजेतले एक जुने शिपाई होते. आम्ही त्यांना नुसतं 'उस्ताद' म्हणायचो. हसले की त्यांचं सगळं पोट हलायचं.

माझा एकही नेम लागत नव्हता. परीक्षेत नापास झालो तर नोकरी जाणार होती.

एके सकाळी उस्तादांनी स्वतः बंदूक भरून माझ्या हाती दिली. मी चाप ओढला. बार उडालाच नाही, तरी माझे डोळे गच्च मिटले आणि खांदा दचकला. त्यांनी मुद्दाम रिकामं काडतूस घातलं होतं.

"मियाँ, बंदूक तो चुप है, तुमीच उछल रै!" म्हणत ते पोट धरून हसले. मलाही हसू फुटलं आणि त्या हसण्यात भीती निघून गेली.

"अब मारो. आहिस्ता, सोते बच्चे के मूँ पे से मक्खी उडाए सरका."

झोपलेल्या बाळाच्या तोंडावरची माशी उडवावी तसा मी चाप अलगद ओढला; या वेळी डोळे उघडे होते. गोळी थेट निशाणाच्या मधोमध लागली.

आदल्याच वर्षी निजामाच्या फौजेची वर्दी दिसली की आमच्या गल्लीतली दारं पटापट लागायची. आता त्याच फौजेतला शिपाई मला कमरेला धरून, उचलून, भर मैदानात नाचत होता, आणि मी ओरडत होतो, "उस्ताद, नेम लागला! लागला!"