गणपत पेटीवर आहे

तीन माणसं मिळून गावोगाव खेळ करत हिंडली की किस्से जमवावे लागत न्हाईत. वावरातून चालताना धोतराला कुसळं चिकटतात, तसे ते आपसूक चिकटतात. एक काढायला बसलं की चार हाताला लागतात.

आमचा खेळ जादूचा. जादू करायचे परतूरचे मास्तर. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण रुमालातून कबूतर काढतो तो मास्तरच, हे लोकांनीच ठरवून टाकलं होतं. मी तबला वाजवायचो आणि गणपत पेटी. राज्य निजामाचं. शेवटल्या वर्षात तर गणपतवर वॉरंट निघालं होतं, चावडीवर तिरंगा लावला म्हणून. सापडला असता तर तुरुंगातून कधी सुटला असता, देव जाणे. आमचा जीव सारखा टांगणीला, पण खेळ बंद ठेवून पोट कसं भरणार?

परतूरच्याच बाजारात एक शेतकरी पुढं येऊन बसला. म्हणला, "मास्तर, मी तुमच्या हातावरची नजर काढणार न्हाई. बघू कसे फसवता!"

"बघा की," मास्तर म्हणले. "नीट बघा."

गडी डोळ्याची पापणी लववायला तयार न्हाई. मास्तरांनी हात पसरले, मिटले, पुन्हा पसरले. रिकामेच! गडी खूश.

"हात बघितले ना पाव्हणं? बराबर. आता तुमचं उपरणं बघा!"

खांद्यावर उपरणं कुठंय? ते माझ्या तबल्याखाली आल्तं!

गणपतची सुरुवातीला एक खोड होती. मास्तर उजवा हात नाचवायचे, लिंबू डाव्या हातात असायचं, आणि हा बाबा पेटी वाजवता वाजवता डाव्या हाताकडंच बघायचा. मंग पुढची दहा माणसं बी तिकडंच बघायची. मास्तर तापले.

"गणप्या, तू माझा साथीदार हाईस का लोकांचा? आपला माणूस बघतो तिकडं समदं गाव बघतं!"

दुसऱ्या दिवसापासून गणपत डोळे मिटून पेटी वाजवायला लागला. लोक म्हणायचे, "काय रंगून वाजवतो हो!"

मास्तर अख्ख्या तालुक्याला फसवायचे, पण घरात त्यांची डाळ शिजत नव्हती. बायकोसमोर काहीही गायब करा, ती बसल्या जागेवरून सांगायची, कुठं हाय ते. मी एकदा विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसं कळतं?"

"त्यात काय कळायचंय भाऊजी? हे गोड बोलायला लागले की समजायचं, काहीतरी लपवून राह्यलेत!"

खेळाला सरकारची परवानगी लागायची, आणि समदा कारभार उर्दूत. आपल्याकडं जादूला नजरबंदी म्हणतात, म्हणून मास्तरांनी कचेरीत जाऊन सांगितलं, "नजरबंदी करायचीय." कारकुनानं घाबरून वर बघितलं. त्याच्या कचेरीत नजरबंदी म्हणजे माणसाला पहाऱ्यात ठेवणं!

"किसको नजरबंद करना है?"

मास्तर शांतपणे म्हणले, "समद्या गावाला, साहेब. घडीभर."

आता कुंभार पिंपळगावचं सांगतो. ते गणपतचं गाव. त्याची म्हातारी फार थकल्ती. 'डोळे मिटायच्या आत लेकाला एकदा बघू द्या,' असा तिचा निरोप आला. घरावर तर शिपायांचा पहारा. गणपत ऐकेना, जातोच म्हणाला.

मास्तर म्हणले, "घरी जाऊ नको. बाजाराच्या दिवशी आपला खेळ लावू. म्हातारी खेळाला यील."

गणपतनं मिशी काढली, तांबडा फेटा बांधला आणि पेटीवर बसला. गावानं त्याला लगेच ओळखलं, पण गाव गप. म्हातारी दोघींच्या आधारानं आली, पुढं बसली. खेळ रंगात आला, अन् गर्दीतून अमीन आत! अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. हैदराबादहून नवाच आल्ता, गणपतला त्यानं कधी बघितलं नव्हतं. पण कुण्या घरभेद्यानं त्याला खबर दिल्ती.

"खेल बंद नहीं करना!" तो ओरडला. "हमको पक्की खबर है. गणपत पेटी पे है!"

माझा ठेकाच चुकला.

अमीन तरातरा आला, गणपतला ओलांडून पुढं गेला, आणि माणूस गायब करायच्या आमच्या लाकडी पेटाऱ्यावर जाऊन बसला!

"पेटी पे हम बैठे. अब देखते, कौन निकलता! ऐ बाजेवाले, तू बजा!"

बाजेवाला वाजवायला लागला. त्या दिवशी त्यानं डोळे मिटले न्हाईत. सारखा आईकडं बघून राह्यला होता. आणि म्हातारी? तिनं एकदा, एकदा सुद्धा त्याच्याकडं बघितलं न्हाई! अमीन बसल्ता त्या पेटाऱ्यावर नजर लावून बसली. मला तर रडू यायला लागलं. पोरगा जीव मुठीत धरून आला, आणि ही माय त्याच्याकडं बघंना!

अमीन शिपायाला म्हणला, "देखो, बुढिया की नजर पेटी से हटती नहीं. बेटा अंदरिच है!"

खेळ संपला. अमीननं चारी बाजूंनी शिपाई उभे केले आणि झाकण उघडलं. आतून दोन कबुतरं उडाली! गाव खो खो हसलं. तोवर परतणाऱ्या बाजारकरूंच्या गाड्यांत गणपत ओढ्यापलीकडं गेल्ता.

अमीन चिडून म्हातारीपुढं उभा राह्यला.

"अम्मा, सच बोलो! इत्ता टक लगाके पेटी को कायको देख रही थी?"

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

"बघत कुठं होते, सायब? मी तर पेटी ऐकून राह्यले होते!"