खोक्यावरची नावं

मुलुंडच्या एका सोसायटीत कमळताई पेडणेकर सुका कचरा वेगळा करायच्या. मूळच्या कुडाळच्या. सासरे गिरणीत होते, नवरा रिक्षा चालवतो. शिकल्या सातवीपर्यंतच, पण वाचायची भारी सवय. ऑनलाइन मागवलेल्या प्रत्येक खोक्यावर नाव, फ्लॅट, मोबाइल नंबर, आत काय तेही छापलेलं असायचं. कुणाचे केस गळतायत, कुणाकडे बाळ यायचंय, हे त्यांना शेजाऱ्यांआधी कळे. सून खोदून खोदून विचारायची. त्या म्हणत, "लोकांच्या घरातलं आपण कशाला बोलायचं?"

एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरची रोशनी खाली आली. डोळे सुजलेले. आदल्या दिवशी तिच्या आईला फोन आला होता. समोरच्याने नाव, पत्ता, नवा मिक्सर कुठल्या कंपनीचा, सगळं बरोबर सांगितलं. वॉरंटी चालू करायला ओळख पटवावी लागते, मोबाइलवर आलेला नंबर सांगा, म्हणाला. आईने सांगितला आणि खातं रिकामं झालं.

"मावशी, आमचा खोका कुणी बघितला होता का?"

कमळताईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. महिनाभर भंगारवाल्याबरोबर एक नवा माणूस यायचा. ब्लेडने नुसती लेबलं कापून न्यायचा. चिकट कागद पुठ्ठ्यात चालत नाही, असं त्याने सांगितलेलं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"मीच दिलंय गो ती लेबलां, भंगारवाल्याच्या माणसाक," त्या म्हणाल्या. "तो नंबर घेता म्हणान माका काय म्हायत?"

रोशनी वर निघून गेली. पण सेक्रेटरी सहदेव राणे कमळताईंना कामावरून काढायला निघाले, तेव्हा तीच आडवी आली. "काका, नाव-नंबरासकट खोका आम्हीच फेकला ना? त्या माणसाचं वर्णन द्यायला माझ्याबरोबर चौकीत ह्याच आल्या."

काम राहिलं. आता कमळताई प्रत्येक लेबल बादलीत भिजवतात, सोलतात, त्याचा लगदा करतात. लिफ्टजवळ नोटीस लागली आहे. चार-पाच घरं लेबल फाडून खोका देतात, बाकीच्यांना वेळ नसतो.

तो माणूस काही सापडला नाही. रोशनीची आई अजून अनोळखी नंबर उचलत नाही. रविवारी दुपारी कमळताई तिच्याकडे जाऊन बसतात. चहा होतो, गावच्या गोष्टी निघतात. त्या फोनचा विषय मात्र दोघीही काढत नाहीत.