मारुतीचा समेट आणि अत्याची किल्ली

आमच्या गल्लीत देवनागरी वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि ज्यांच्यावर मी चिडले आहे त्यांतलं एकही त्या बोटांत नाही. म्हणून बिनधास्त लिहिते. तमिळमध्ये लिहिलं असतं तर उद्या सकाळी कॉफीच्या आधी दोन्ही घरं माझ्या दारात उभी राहिली असती.

दोन घरं म्हणजे आमच्या गल्लीतलं वरचं घर आणि खालचं घर. तंजावरच्या राजवाड्यामागची गल्ली, वरच्या टोकाला आम्ही, खालच्या टोकाला ते, आणि मधोमध मारुतीचं छोटं देऊळ. दोन्ही घरांच्या पूर्वजांनी मिळून बांधलेलं. मिळून कशाला बांधलं, देव जाणे. एकट्यानं बांधलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

भांडण कशावरून झालं म्हणाल, तर मारुती कधी जन्मला यावरून! हसू नका. वरच्या घराचं म्हणणं, आपण मराठी माणसं, आपली जयंती चैत्री पौर्णिमेला, सूर्योदयाला पाळणा आणि मग सुंठवडा. खालच्या घराचं म्हणणं, पिढ्यान्‌पिढ्या कावेरीचं पाणी पितोय, या मुलखात मारुती मार्गळी महिन्यातल्या अमावास्येला जन्मतो, तेव्हा जयंती थंडीतच आणि देवाच्या गळ्यात उडीदवड्यांची माळ. अहो, मग दोन्ही करा की! मारुतीला काय, सुंठवडाही चालतो आणि वडेही चालतात. पण नाही. एका चैत्रात कुणीतरी देवळाला बाहेरून कडी घातली. त्याचं उट्टं म्हणून मार्गळीत वड्यांचं पातेलं गटारात गेलं. मग पोलीस आले, लग्नामुंजीची बोलावणी बंद झाली, आणि आम्ही मुलंसुद्धा शाळेतून येताना समोरासमोर आलो तर मान वळवायला शिकलो.

या सगळ्या वर्षांत देऊळ चालवलं कुणी? माझ्या अत्यानं. तिचा जन्म वरच्या घरातला, म्हणजे माझ्या वडिलांची ती धाकटी बहीण, आणि दिली खालच्या घरात. भांडणाच्या आधीचं लग्न. यजमान लवकर गेले. देवळाची किल्ली तिच्या कमरेला असायची. पहाटे ती देवळासमोर सडा घालून कोलम काढायची, गाभारा पुसायची आणि तिन्हीसांजेला सांजवात लावायची. बाकी सगळ्यांना भांडायला फुरसत होती, वात वळायला नव्हती.

मग एक निवृत्त तहसीलदार मध्ये पडले. भले गृहस्थ. त्यांच्या घरी बैठका झाल्या, कॉफी झाली, रुसवेफुगवे झाले, एकदा तर माझे थोरले काका अर्ध्या कॉफीवर उठून आले. शेवटी ठरलं. चैत्रातली जयंती वरच्यांनी करायची, मार्गळीतली खालच्यांनी. इतकं सरळ होतं हो ते, कुठल्याही पोरानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण मग गाडी किल्लीवर अडली. वरचे म्हणाले, किल्ली तिच्याकडे नको, ती त्यांची सून. खालचे म्हणाले, तिच्याकडे मुळीच नको, ती त्यांची लेक. म्हणून समेटात कलम घातलं की दोन्ही घरांतल्या कुणाही माणसाच्या हातात यापुढे किल्ली जाणार नाही, पूजेला बाहेरचा गुरुक्कल ठेवायचा.

आणि दोन्ही बाजूंनी केवढा मोठा त्याग केल्यासारखी तोंडं केली म्हणता! तुमचं काय गेलं रे बाबांनो? त्या किल्लीला तुमचा कधी हात लागला होता? दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्याकडे समेट दोघांचा आणि भुर्दंड तिसरीला. अत्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिचा दीर आला, 'वहिनी, किल्ली द्या' म्हणाला, तिनं कमरेची काढून दिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिनं 'का' असंही विचारलं नाही, आणि तिच्या त्या न विचारण्याचा मला आजही राग येतो.

गुरुक्कल सकाळी मोपेडवरून येतो, घंटा वाजवतो, कापूर ओवाळतो आणि मोपेड गार व्हायच्या आत कुलूप लावून जातो. त्याला नावं ठेवत नाही, त्याला अशी चार देवळं करायची असतात. पण संध्याकाळी मारुती अंधारात. अत्याचं बिऱ्हाड देवळाच्या बरोब्बर समोर. दिवेलागणीला ती ओट्यावर येऊन बसते आणि त्या कुलपाकडे बघत राहते. इतकी वर्षं.

बरं, समेट केला तो केला, त्याचा वाढदिवस कशाला हवा? पण दरवर्षी पोंगल उरकला की आमच्याकडे तो साजरा होतो. मंगल कार्यालय, नादस्वरम, केळीच्या पानावर जेवण, दोन्ही घरांचे कर्ते पुरुष एकमेकांना हार घालतात आणि फोटो काढतात. यंदा पंचविसावं वर्ष, म्हणून गल्लीच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर वरचे कर्ते, खालचे कर्ते, कैलासवासी तहसीलदार, आणि कोपऱ्यात एवढासा मारुती. शिवाय यंदा टूम निघाली की अत्याचा सत्कार करायचा, शाल घालून. कशाबद्दल? तर ती 'दोन्ही घरांचा दुवा' म्हणून! ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अत्या मात्र खूश झाली. गुडघ्यांनी दगा दिलाय तिच्या, पुढच्या महिन्यात मुलगा तिला कोइम्बतूरला नेतोय, पाचव्या मजल्यावरच्या घरात, कायमची. तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "शाल नको ग. जायच्या आधी एकदा, एकदाच, माझ्या हातानं आत सांजवात लावायची आहे. कुलूप उघडून. तू शिकलेली आहेस, तू विचार त्यांना."

मी कॉलेजात गणित शिकवते. मला वाटलं, यात अवघड काय आहे? स्कूटर काढली आणि आधी आमच्या वरच्या घरी गेले. आता तिथले कर्ते माझे चुलतभाऊ, माझे दादा. ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "अग, माझी काय हरकत असणार? माझी अत्या ती. पण खालचे ऐकायचे नाहीत. समेट मोडला म्हणून बोंब मारतील." तशीच खालच्या घरी गेले. तिथे अत्याचे दीर. त्यांनी मला हाताला धरून बसवलं, कॉफी दिली. म्हणाले, "आमच्या वहिनीनं दिवा लावायचा तर मी स्वतः तेल आणून देईन. पण तुझा दादा! त्याला विचारलंस?"

म्हटलं, वा! दोन्हीकडे मन एवढं मोठं, तर मग अडतंय कुठे? दोघांना एका जागी उभं केलं की झालं. सोहळ्याचं सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं, दोन्ही घरांत माइकसमोर न अडखळणारी मीच काय ती. ठरवून टाकलं की तिथेच विचारायचं.

सोहळा झाला. हार झाले, फोटो झाले. दोघांनीही भाषणात शांतता, सामोपचार, तडजोड असले शब्द इतक्यांदा वापरले की समोरची माणसं पानं मांडलीत का बघायला मागे वळायला लागली. मग अत्याला धरून वर आणलं. एक टोक दादांनी धरलं, एक टोक तिच्या दिरांनी, आणि शाल तिच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मी माइकवर म्हटलं, "अत्याची एकच इच्छा आहे. कोइम्बतूरला जायच्या आधी एका संध्याकाळी स्वतः कुलूप उघडून मारुतीपुढे दिवा लावायचा. दोन्ही घरांच्या कर्त्यांनी आपली हरकत नाही असं मला स्वतंत्रपणे सांगितलंय. त्याबद्दल दोघांचेही आभार. तर आज संध्याकाळीच लावूया का?"

दादांनी अत्याच्या दिरांकडे पाहिलं. दिरांनी दादांकडे पाहिलं. एकाच्याही चेहऱ्यावर 'मी म्हणत होतो ना' असं नव्हतं. दोघांनी एकमेकांना अगदी व्यवस्थित ओळखलं. आणि मग दोघंही एकदम, एका सुरात म्हणाले, "ते समेटात बसत नाही."

दादा पुढे काहीतरी 'पायंडा पडेल' वगैरे बोलत होते आणि दीर जोरजोरात मान डोलावत होते. इतकी लाज मला या घरांची कधी वाटली नव्हती. अत्याला अलीकडे कमी ऐकू येतं. तिनं माझी बाही ओढली.

"काय म्हणाले ग?"

"नाही म्हणाले, अत्या."

"कोण? वरचे की खालचे?"

माइक चालू होता. सगळं कार्यालय ऐकत होतं.

"दोघंही," मी म्हटलं.

ती त्या दोघांकडे वळली. मग म्हणाली, "अय्यो, म्हणजे आता खरंच समेट झाला की." आणि शाल खुर्चीवर टाकून पायानं चपला चाचपायला लागली.