शिकागो ते चिटगुप्पा

आधी मनगट वळवून घड्याळ बघायचं, मग दोनदा घंटी ओढायची. कुणी धावत येताना दिसलं तरी आमचे कंडक्टर अण्णा ढिम्म. "टायम म्हंजे टायम," एवढंच म्हणायचे. बीदर-कलबुर्गी गाडीवर त्यांनी सारी नोकरी काढली आणि त्याच गाडीने शाळेत शिकवायला जाता-जाता माझी नोकरी सरली. तुमच्यापैकी कुणी त्या गाडीने जात असाल, तर तुमचीही ती एकदा तरी चुकली असणार.

त्यांची बायकोही त्यातून सुटली नाही. एकदा अक्का हुमनाबादच्या स्टँडबाहेर बांगड्या भरत बसल्या आणि यांनी घंटी मारली. अक्का मागच्या गाडीने आल्या, आठ दिवस बोलल्या नाहीत.

"बोलंल की. कुठं जायलीय?" अण्णा मला म्हणाले.

ते रिटायर झाले आणि त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी शिकागोला गेली. त्या दिवशी अण्णा आमच्या गावात, चिटगुप्प्यात, माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी फोनवर बघून सांगितलं, हैदराबादपासून तेरा हजार किलोमीटर, मधला मुक्काम धरून बावीस तास. त्यातलं दुसरं विमान सलग चौदा तास उडतं.

"मधी एक बी थांबा न्हाई?"

"नाही."

"मग ड्रायव्हर च्या कुठं पितंय?"

मला हसू आलं. ते मात्र बोटं मोजत होते. "बीदर-कलबुर्गी रोज जाऊन-येऊन केलं तर दोन महिने लागत्यात, मास्तर. आन माझी पोरगी एका दिसात जायलीय!" त्यांनी आभाळाकडे बघून हात जोडले. मी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, पण त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला.

गेल्या साली अक्का पहाटे झोपेतच गेल्या. लेकीचा फोन आला, "अप्पा, निघाले मी. आईचं तोंड बघू द्या मला."

आम्हा लिंगायत बसवभक्तांच्या घरात गेलेल्या माणसाला बसवून ठेवतात आणि बसवूनच पुरतात. अक्कांना भिंतीला टेकवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, बाजूला बर्फाच्या लाद्या. कुणाची तरी वाट बघत बसल्यासारख्याच दिसत होत्या. अण्णांचे चुलते म्हणाले, "दिस मावळायच्या आत उरकू बाबा. इतका येळ ठेवत न्हाईत."

"बावीस तास इमान, चार तास कार. उद्या बाराला येती. थांबायचं," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले आणि निरोप आला, मधल्या मुक्कामात विमान चार तास अडकलं होतं. भजनवाले दमले. बर्फ पुन्हा आणला. चुलते चिडले, "कामून हट्ट करायलास? शेतात खड्डा कालपासून उघडा हाय."

"जन्मभर लोकास्नी मागं टाकून गेलो, काका. आज न्हाई जायाचं."

साडेचारला दारात कार थांबली. लेक धडपडतच उतरली. आपल्या त्या उन्हात तिच्या अंगात तिकडचा जाड कोट तसाच होता. आत जाऊन तिने आईच्या मांडीत डोकं घातलं. अण्णा अक्कांच्या कानाशी वाकले.

"बघ गं, काल सकाळी पृथ्वीच्या पल्याड होती. तेरा हजार किलोमीटर आली तुझी लेक."

चुलत्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. बराच वेळ कुणी हललं नाही, आणि अण्णांनीही कुणाला निघा म्हटलं नाही.